आईचा तंबोरा आणि मिरजेचे चार दिवस

दिवस पहिला, शुक्रवार

महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या वरच्या बर्थवर रात्रभर तंबोरा झोपला आणि खालच्या बर्थवर मी टक्क जागी. पुण्याहून गाडी सुटली तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. दोन गोधड्या, आजीचं जुनं नऊवारी आणि वरून सुतळीचे वेढे, असं ते धूड बघून तिकीट तपासनिसांनी दबक्या आवाजात विचारलं, "पेशंट आहे का?"

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, तिथे जाणाऱ्या गाडीत हा प्रश्न अगदीच वावगा नव्हता. आणि पेशंट होताच म्हणा.

तंबोरा आईचा. १९७८ साली, लग्नाच्या आदल्या वर्षी, आजोबांनी मिरजेहून आणून दिलेला. गेल्या पावसाळ्यात आम्ही घर बदललं. सामान हलवणाऱ्यांनी खोळीतल्या तंबोऱ्यावर मिक्सरचं खोकं ठेवलं आणि "काय नाय होत मॅडम" असा दिलासाही दिला. भोपळ्याला चांगली वीतभर भेग गेली. आई एका शब्दाने बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून मोबाईलवरचा तानपुरा लावून रियाजाला बसायला लागली. ती बोलली असती तर बरं, असं मला सारखं वाटत होतं. पुण्यात दोघा-तिघांना दाखवला. त्यांतल्या एकाने "पुट्टी भरून देतो" म्हटल्यावर मी सरळ मिरजेचं तिकीट काढलं.

(तुम्हालाही असा प्रवास करायचा असेल तर: तारा सैल करा, पण पूर्ण काढू नका. घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, काढून वेगळ्या डबीत ठेवा आणि डबी स्वतःजवळ. दांडी आणि भोपळा जिथे जुळतात तो गळा सगळ्यात नाजूक, तिथे उशी बांधा. आणि वाद्यासाठी वेगळं तिकीट काढलंत तरी बर्थवर "कोण आहे?" हे सांगायची तयारी ठेवा.)

पहाटे मिरज जंक्शनला उतरले तेव्हा तोंडातून वाफ निघत होती. स्टेशनबाहेर शेकोटीभोवती बसलेल्या रिक्षावाल्यांपैकी एक उठला, गाठोड्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सतारमेकर गल्ली ना? आत्ता कोण नसतंय ओ तिथं. दहा वाजता जावा." त्यानेच जवळचा लॉज दाखवला. खोली साधी, पाणी कढत. एवढं पुरे.

नाश्त्याला उप्पीट. आपण पुण्यात उपमा म्हणतो तो पदार्थ इथे उप्पीटच. शेजारच्या बाकावर एक कुटुंब आपसात कन्नडमध्ये बोलत होतं, वेटरशी मराठीत. त्यांच्या पिशवीतून क्ष-किरण फोटोचं पाकीट डोकावत होतं. म्हैसाळ ओलांडलं की कर्नाटक, त्यामुळे निम्मी दुकानं दोन्ही भाषांत पाट्या लावून बसलेली.

दहाला गल्लीत पोचले. गल्लीचं नावच सतारमेकर गल्ली. शनिवार पेठेतली ही दुकानं फार मोठी नाहीत. दर्शनी भागात काचेच्या कपाटात चकाकणाऱ्या सतारी, आणि आत जिथे खरं काम चालतं तिथे भुशाचा थर. आढ्याला भोपळे टांगलेले. खाण्याच्या भोपळ्याशी यांचा संबंध नावापुरता. हे कडू, जाड सालीचे, आणि काही तर एवढे मोठे की मांडीवर घेऊन बसलेल्या कारागिराचं तोंडच दिसत नाही. पंढरपूर-मंगळवेढा भागातले शेतकरी ते पिकवतात. वेलावर वाढताना त्याची बूड नीट टेकलेली राहिली पाहिजे, नाहीतर एका अंगाला चपटा होतो आणि मग तो घेऊन करायचं काय?

ज्यांच्याकडे आमचं काम झालं त्या चाचांचं नाव लिहीत नाही. त्यांनीच बजावलं होतं, "माझं नको, गल्लीचं लिव्हा." सत्तरीकडे झुकलेले, डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा, कानावर पेन्सिल. सुतळी सोडायला मी पुढे झाले तर म्हणाले, "बसा की ओ ताई. त्याला जरा हवा खाऊ द्या."

मग दहा मिनिटं त्यांनी भेगेकडे बघितलंच नाही. आधी दांडीवरून अंगठा फिरवला. खुंट्या एकेक उपसून डोळ्यांजवळ धरल्या. भोपळ्यावर टिचक्या मारत गोल फिरले, जसे आपण माठ घेताना मारतो तशा. गळ्यापाशी लाकडात कोरलेल्या पानांवर नख घासलं. मला वाटलं, भेगेचं सांगतील. ते म्हणाले,

"दांडी हितलीच हाय. भोपळा नंतर बसवलाय."

मी म्हटलं, शक्यच नाही. आजोबांनी नवा कोरा आणलेला, तेव्हापासून आईच्या खोलीतून हललेला नाही.

"हललाय," चाचा म्हणाले. वाद घालायच्या सुरात नाही, वजनकाट्यावरचा आकडा वाचावा तसं. "तबली उघडल्यावर कळेल. उद्या या. आता नमाजाची वेळ झाली."

(सूचना: शुक्रवारी दुपारी या गल्लीत कामाची अपेक्षा धरू नका. बहुतेक कारागीर शिकलगार समाजाचे. सकाळी जा, नाहीतर चारनंतर.)

या शिकलगारांची गोष्ट मिरजेत कुणीही सांगेल. मूळ धंदा तलवारी आणि हत्यारांना धार लावण्याचा, संस्थानांच्या पदरी. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना गिऱ्हाईक राहिलं नाही. पटवर्धनांच्या मिरज संस्थानात गाणं-बजावणं जोरात होतं, आणि बिघडलेली वाद्यं दुरुस्तीला लांब उत्तरेत पाठवावी लागत. फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन या भावांनी ती दुरुस्त करता करता नवी घडवायला घेतली. तेच हात, तीच कानस, फक्त पोलादाच्या जागी लाकूड आलं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्याबद्दल चाचांना विचारलं तर म्हणाले, "चांगलं झालं. पोरं आता निदान विचारायला तरी येतात."

दुपारी दवाखान्यांच्या रस्त्याने भटकले. विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये इथे रुग्णालय काढलं आणि मिरजेचा नकाशाच बदलला. आजही या रस्त्यांवरचा व्यापार आजाराभोवती फिरतो. चाकाची खुर्ची आणि वॉकर भाड्याने, पेशंटच्या नातेवाइकांसाठी महिन्याच्या हिशोबाने खोली, "पथ्याचे जेवण मिळेल" असं लिहिलेली खानावळ. त्या खानावळीत मी बिनपथ्याची असूनही जेवले. मऊ भात, मुगाचं वरण, दुधी भोपळ्याची भाजी. भोपळा काही त्या दिवशी पाठ सोडणार नव्हता. वाढणाऱ्या मावशींनी न विचारता लिंबाची फोड ठेवली आणि म्हणाल्या, "तोंडाला चव येते. कोण हाय दवाखान्यात?" तंबोरा म्हटल्यावर त्या पोटभर हसल्या आणि मग गंभीरपणे म्हणाल्या, "बरा हुतोय की नाही?"

संध्याकाळी ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेले. अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर याच आवारात. किराणा घराण्याचा हा गवई उत्तरेतून येऊन मिरजेत स्थिरावला. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना सिंगपेरुमाळ कोविल स्टेशनवर त्यांची तब्येत बिघडली. फलाटावर उतरून त्यांनी तंबोरा जुळवून घेतला, गायले आणि तिथेच गेले. आणलं मात्र मिरजेला. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ इथे गाण्याच्या बैठका होतात, मोठमोठे गवई बिदागीचा विचार न करता हजेरी लावून जातात. मी गेले तेव्हा बैठक नव्हती. एक आजोबा कबरीजवळ बसून शेंगा सोलत होते. बाकी कबुतरं.

दिवस दुसरा, शनिवार

साडेदहाला पोचले तर तंबोरा चटईवर उताणा. तारा, घोडी, खुंट्या सगळं उतरवून एका ताटात मांडलेलं. चाचांचा पुतण्या पातळ पटाशीने तबलीचा सांधा मोकळा करत होता. तबली म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेली लाकडाची झाकणी, तूण जातीच्या लाकडाची. जुना सरस कडकड वाजत सुटत होता. मला बघवत नव्हतं आणि नजरही हटत नव्हती.

झाकण निघालं. आतून जो वास आला तो जुन्या पेटीचा, धुळीचा आणि कशाचा तरी गोडसर. चाचांनी टॉर्च मारला आणि मला बोटाने जवळ बोलावलं.

भोपळ्याच्या आत, भेगेपासून बराच दूर, तळहाताएवढा कागद चिकटवलेला. वर्तमानपत्राचा. पिवळा पडलेला, कडा झडलेल्या, पण अक्षरं वाचता येत होती. बाजारभाव. ज्वारी, गूळ, हळद. वरच्या कोपऱ्यात अर्धी तारीख, महिना झडलेला, साल शाबूत: १९८४.

"तुमचा तंबोरा अठ्ठ्याहत्तरचा. मग चौऱ्याऐंशीचा पेपर आत कसा काय जाईल?" चाचा शांतपणे म्हणाले. मिरजेतही भोपळ्याला आतून आधार देतात, पण इथली पद्धत कापडाच्या पट्ट्यांची, आणि पट्टी अशी मध्येच सोडत नाहीत, असंही त्यांनी दाखवलं. गळ्याच्या पानांचा रंग एका बाजूला किंचित गडद होता तो नव्या भोपळ्याशी मेळ बसवायला मागाहून लावलेल्या पॉलिशमुळे. एकदा दाखवल्यावर मलाही दिसायला लागलं. पंचेचाळीस वर्षं घरात असलेली वस्तू.

तिथूनच आईला फोन लावला.

"आई, तंबोऱ्याचा भोपळा कधी बदलला होता का गं?"

पलीकडे शांतता. मग आई हसायला लागली. तिला आवरेचना.

"त्यांना कळलं वाटतं! अगं, तू तीन वर्षांची होतीस. मी बाळंतपणाला माहेरी, तुझ्या भावाच्या वेळी. तू ह्यांच्याजवळ. लपाछपी खेळताना तंबोऱ्यामागे लपलीस आणि त्याच्यासकट पडलीस. ह्यांनी गुपचूप पुण्यात कुणाकडून तरी भोपळा बदलून घेतला, पॉलिश करून घेतलं आणि मी यायच्या आत जागच्या जागी ठेवून दिला."

"तुला बाबांनी सांगितलं?"

"छे. त्यांनी शेवटपर्यंत नाही सांगितलं. शेजारच्या काकूंनी सांगितलं पुढे कधीतरी. पण मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. जोडीच्या तारा छेडल्या आणि म्हटलं, हा माझा नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? इतकं निगुतीनं केलं होतं त्यांनी. आणि वर्षभरात हाही बरा बोलायला लागला."

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. फोन ठेवला तेव्हा पुतण्या चहा घेऊन उभा होता आणि चाचा मुद्दाम दुसरीकडे बघत कानशीत अडकलेला भुसा ब्रशने काढत होते. म्हणजे मिक्सरवाल्यांना मी ज्या शिव्या घातल्या, त्यांतल्या निम्म्या माझ्याच खात्यावर.

चाचांनी दोन मार्ग सांगितले. एक, भोपळाच नवा बसवायचा, त्याला दोन महिने. दुसरा, हाच भोपळा आतून कापडाच्या पट्ट्या लावून सांधायचा, बाहेरून लाकडाचा बारीक भुसा आणि सरस भरून घासायचा, वर चपड्याचं पॉलिश. तो सोमवारपर्यंत. "हा भोपळा पुण्यातनं बसवलेला असला तरी वाईट नाही," त्यांनी कबूल केलं. गल्लीबाहेरच्या कामाची त्यांनी केलेली ही एकमेव स्तुती. मी दुसरा मार्ग निवडला. १९८४चा कागद काढू नका, एवढं मात्र सांगितलं. "काढायचा कशाला? बाजारभाव जुने झाले म्हणून आवाज पडत नाही."

(खर्चाबद्दल: नव्या तंबोऱ्याचा भाव भोपळ्याचा आकार, लाकूड आणि नक्षी यांवर ठरतो, आणि तो फोनवर विचारून उपयोग नाही. बायकांच्या आवाजाचा तंबोरा आकाराने लहान, पुरुषांचा मोठा. कुठल्या पट्टीत गाता ते आधी सांगावं लागतं. आई काळी चारमध्ये गाते, ही माहिती त्यांनी दांडीची लांबी बघून मला सांगितली. मी त्यांना नाही.)

दुपार मोकळी म्हणून एसटीने नृसिंहवाडीला गेले. उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी रांगत होती, तरी तासाभरात पोचलो. कृष्णा आणि पंचगंगेचा संगम, घाटाच्या पायऱ्या, दत्ताच्या पादुका. पावसाळ्यात नदी थेट मंदिरात येते. पाणी एका दाराने शिरून पादुकांवरून दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडतं, तो दक्षिणद्वार सोहळा. त्या वेळी लोक पुराच्या पाण्यात स्नानाला गर्दी करतात. आत्ता नदी शहाण्यासारखी खाली होती.

वाडीला गेलात तर बासुंदी प्याच, पण कवठाची बर्फी विसरू नका. आंबट-गोड, किंचित तुरट, दातांना चिकटणारी. दुकानदाराने चवीला दिलेला तुकडा तोंडात टाकल्यावर मी अर्धा किलो घेतली आणि परतीच्या एसटीतच पाव किलो उरली.

दिवस तिसरा, रविवार

सरस वाळायला एक दिवस द्यायचा होता. गल्लीत माझं काही काम नव्हतं, तरी सकाळी डोकावलेच. भोपळा दोऱ्यांनी आवळून बांधलेला होता, डोकं दुखणाऱ्या माणसासारखा. चाचा म्हणाले, "जावा, गाव बघा."

गाव बघितलं. लक्ष्मी मार्केटच्या जुन्या इमारतीभोवती सकाळचा बाजार. केरसुण्या, दोरखंड, घोंगड्या, पाट्यांत हरभऱ्याचे डहाळे. एक कल्हईवाले आजोबा अजून भाता चालवतात. त्यांच्यासमोर रांगेत पितळी पातेली ठेवलेली होती आणि गिऱ्हाईक बायका पातेलं ठेवून बिनदिक्कत बाजार करायला जात होत्या, पावती वगैरे काही नाही. पातेलं कुणाचं ते त्याच्या पोच्यावरून ओळखू येतं, आजोबा म्हणाले. एका पेंटरच्या दुकानात प्लायवूडवर रंगवलेला गणपती भिंतीला टेकून ठेवला होता. मिरजेच्या विसर्जन मिरवणुकीत रस्त्यावर ज्या भल्यामोठ्या स्वागत कमानी उभ्या राहतात त्यांच्यातला एक तुकडा, सुटा झाल्यावर इथे विसावलेला.

ब्राह्मणपुरीतून फिरताना एक गंमत कळली. गाण्याच्या परीक्षा दिलेल्या प्रत्येकाला प्रवेशिका, मध्यमा, विशारद हे शब्द आणि पोटातला गोळा आठवत असेल. त्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचा कारभार मिरजेतून चालतो. ज्या विष्णु दिगंबर पलुस्करांच्या परंपरेतलं हे मंडळ, ते लहानपणी फटाक्याने डोळे दुखावले म्हणून औषधोपचाराला मिरजेत आले आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला लागले. म्हणजे तेही आधी पेशंट म्हणूनच. या गावात माणसं उपचाराला येतात आणि तंबोरा घेऊन बाहेर पडतात, किंवा माझ्यासारखी उलट.

दुपारी स्टेशनच्या पुलावर उगाच उभी राहिले. रेल्वेच्या लोकांना मिरजेचं कौतुक आहे, कारण एके काळी इथे तीनही रुंदीचे रूळ होते. बार्शी लाईटची पंढरपूरकडून येणारी छोटी गाडी, मीटरगेज आणि मोठी लाईन. पलीकडच्या फलाटावर बसलेल्या निवृत्त गँगमनने मात्र वेगळीच आठवण सांगितली. २०१६चा एप्रिल. लातूरला प्यायला थेंब नव्हता, तेव्हा इथून पाण्याची गाडी गेली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. "आमच्या कृष्णेचं पाणी. रेल्वेनं टाक्या आतून धुवून घेतल्या, मग भरल्या. गाडी सुटली तेव्हा फलाटावर माणसं टाळ्या वाजवत होती. मी चाळीस वर्षात मालगाडीला टाळ्या कधी ऐकल्या नव्हत्या."

रात्री ज्वारीची भाकरी, भरलं वांगं आणि शेंगदाण्याची चटणी. खूप जेवले आणि लवकर झोपले.

दिवस चौथा, सोमवार

सगळ्यात जास्त वेळ या दिवसाला गेला आणि सगळ्यात कमी घडलं. जवारी लावायची होती.

ज्यांनी तंबोरा जवळून बघितला नाही त्यांच्यासाठी: तारा ज्या सपाट घोडीवरून जातात तिचा माथा सपाट दिसतो, पण नसतो. त्याला केसाएवढा उतार असतो. तार त्या उतारावर घासत थरथरते, म्हणून नुसता टणत्कार न होता तो गुंजणारा, सुरात सूर उमलत जाणारा आवाज येतो. घोडी आणि तारेच्या मध्ये सुताचा धागा सरकवतात, तो नेमक्या जागी आला की आवाज उघडतो. हा उतार कानशीने काढायचा, तेच जवारी लावणं. एक हात जास्त फिरला तर घोडी गेली. पूर्वी या घोड्या हस्तिदंताच्या, सांबरशिंगाच्या असत. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर ते हळूहळू बंद झालं, आता उंटाचं हाड किंवा चक्क प्लॅस्टिक. आमची हाडाची निघाली.

चाचा भिंतीला पाठ लावून बसले. कानस दोनदा फिरवली. घोडी बसवली, तार चढवली, छेडली. मान हलवली. तार उतरवली. पुन्हा कानस. दुकानातलं बाकी सगळं चालूच होतं. पुतण्या फोनवर बंगळुरूच्या गिऱ्हाइकाशी पार्सलचं बोलत होता, एक शाळकरी मुलगा गिटारची तार मागायला आला, शेजारच्या दुकानातून रंधा वाजत होता. या सगळ्यात चाचांना काय ऐकू येत असेल कोण जाणे. अकरा वाजता सुरू केलेलं पंचमाच्या तारेचं काम साडेबाराला संपलं. मी घड्याळ बघितलं, तर म्हणाले, "ताई, तुमची गाडी रात्रीची हाय ना? मग."

मोबाईलवरच्या तानपुऱ्यामुळे धंदा बसला का, असं मी विचारलं. शहरातून येणारे बहुधा सगळेच हे विचारतात, कारण उत्तर तयार होतं. "त्यानं शिकणारी वाढली. वाढली म्हणजे त्यातली काही खरा मागतात. खरं दुखणं ते नाही." खरं दुखणं भोपळ्याचं. भोपळा पिकवणारी घरं कमी होत चालली आहेत. ऐन वेळी पाऊस झाला की वेलावरच डाग पडतात. चांगल्या रानात ऊस लावला की कारखाना उचलतो, भोपळ्याला मात्र वर्षाकाठी एकदा येणारं गिऱ्हाईक. आणि दुसरं दुखणं मांडी घालून आठ तास बसण्याचं. पुतण्या शिकलेला आहे, इथे बसतो, पण त्याच्या मुलाचं काय, यावर चाचा बोलले नाहीत. पुतण्याही नाही.

साडेचारला त्यांनी चारही तारा जुळवल्या. पंचम, जोड, खर्ज. मग माझ्याकडे न बघता वाजवत राहिले. भेग कुठे होती ते मला बोट लावूनही सांगता येईना. आत आता दोन कागद आहेत. सांध्याच्या कापडावर पुतण्याने शेवटी सकाळच्या वर्तमानपत्राचा तुकडा डकवला, तोही बाजारभावाचाच. हळदीचा भाव बघून चाचा म्हणाले होते, "हे मात्र टिपून ठेवायसारखं."

बांधाबांध त्यांनीच केली. माझं नऊवारी नाकारून स्वतःची कापसाची गादी गुंडाळली आणि सुतळीची गाठ अशी मारली की पुण्यात ती सोडवायला कात्री लागली. पैसे सांगितले ते मी मनात धरले होते त्याहून कमी. (भाव करायला जाऊ नका. आणि फोटो काढण्याआधी विचारा, विशेषतः नमुन्याच्या नक्षीचे.)

परतीच्या गाडीत पुन्हा वरचा बर्थ त्याचा, खालचा माझा. तपासनीस दुसरे होते. त्यांनी काही विचारलं नाही.

घरी आईने गादी सोडेपर्यंत चहासुद्धा घेतला नाही. कवठाच्या बर्फीचा उरलेला तुकडा बाजूला सारला, मांडी घातली, तंबोरा उजव्या खांद्याला लावला आणि डोळे मिटले. पंचम, जोड, जोड, खर्ज. बराच वेळ. मी दारात उभी.

"खर्जाची जवारी जरा जास्त उघडी ठेवलीय," डोळे न उघडता ती म्हणाली. "त्यांचा नंबर आहे ना तुझ्याकडे?"

लावला. चाचा म्हणाले, ती मुद्दाम ठेवलीय, पंधरा दिवस वाजू द्या, बसेल. आईने फोन हातात घेतला आणि मग दोघांचं पाऊण तास चाललं.